कूलरची जाहिरात कुठून आली?

एप्रिल लागला की नागपुरात घरोघरी एकच विषय असतो. गच्चीवर झाकून ठेवलेला कूलर खाली आणायचा, टाकीतला क्षार खरवडायचा, वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, पंप पाणी चढवतो की नाही ते पाहायचं. रात्री जेवताना कुणीतरी म्हणतं, "यंदा हा काढून नवाच घेऊ." कुणी फोनवर काही शोधलेलं नसतं, दुकानातही कुणी गेलेलं नसतं. झोपायच्या आधी फोन उघडावा तर पहिलीच जाहिरात कूलरची! मग घरातलं कुणीतरी हमखास विचारतं, "हा फोन ऐकते काय जी आपलं?"

प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवं. "छे, काहीतरीच" असं म्हणून तो उडवून लावणं चूक आहे. "हो, सगळं ऐकतात" असं म्हणून सोडून देणं त्याहून जास्त चूक आहे, कारण त्या उत्तराने माणूस हतबल होतो. खरी यंत्रणा समजली तर तिला कुठे आवर घालता येतो तेही समजतं.

ऐकत असता तर लपलं नसतं

आधी साधा हिशेब करू. बोललेलं कळेल इतपत आवाज इंटरनेटवरून पाठवायला सेकंदाला साधारण दोन किलोबाइट लागतात. म्हणजे तासाला सात एमबी, आणि आपण जागे असतो त्या सोळा तासांचे शंभर एमबीच्या वर. कोणत्या ॲपने किती डेटा खाल्ला याची यादी फोनच्या सेटिंग्जमध्ये असते. रोज शंभर एमबी गुपचूप जात असते तर ते त्या यादीत दिसलं असतं, आणि फोनमधून बाहेर पडणाऱ्या डेटावर नजर ठेवून बसणाऱ्या जगभरच्या अभ्यासकांनी ते केव्हाच पकडलं असतं. बोलण्याचे शब्द फोनमध्येच करून नुसता मजकूर पाठवला तर डेटा वाचेल हे खरं, पण त्यासाठी फोनचा प्रोसेसर दिवसभर राबत राहील. नागपूरच्या मे महिन्यात खिशातला फोन एरवीच तापलेला असतो. असं काही चाललं असतं तर दुपारपर्यंत बॅटरी संपली असती.

अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी हेच तपासून पाहिलं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अँड्रॉइडची सतरा हजारांहून जास्त लोकप्रिय ॲप्स पारखली होती. त्यातल्या नऊ हजारांवर ॲप्सकडे कॅमेरा आणि मायक्रोफोन वापरायची परवानगी होती. चोरून आवाज टिपून बाहेर पाठवणारं एकही ॲप त्यांना सापडलं नाही. सापडलं ते वेगळंच: काही ॲप्स वापरणाऱ्याच्या स्क्रीनवर काय चाललं आहे याचं चित्रण करून ते तिसऱ्याच कंपनीकडे पाठवत होती. संशय कानावर होता आणि चोरी डोळ्यांनी चालली होती.

मायक्रोफोनला अगदीच निर्दोष ठरवता येत नाही, हेही सांगायला हवं. "ओके गूगल" किंवा "सिरी" अशी हाक ऐकण्यासाठी फोनचा एक छोटा भाग कायम जागा असतो. शेवटच्या काही क्षणांचा आवाज तो फोनमध्येच हाकेशी जुळवून पाहतो आणि जुळला नाही तर पुसून टाकतो. कधी कधी तो चुकतो, भलताच शब्द हाक समजतो आणि पुढचं बोलणं कंपनीकडे जातं. सिरीच्या अशा चुकून झालेल्या ध्वनिमुद्रणांवरून ॲपलवर खटला झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता साडेनऊ कोटी डॉलर देऊन तो मिटवायची तयारी दाखवली. हे गंभीर आहेच. पण आपल्या कूलरच्या जाहिरातीचा उलगडा त्यातून होत नाही.

फोनच्या पाठीवरची पाटी

आपल्या प्रत्येक फोनला जाहिरातीपुरता एक लांबलचक क्रमांक दिलेला असतो. त्याला जाहिरात आयडी म्हणतात. त्यावर आपलं नाव नसतं, पण फोनमधली वेगवेगळी ॲप्स तोच क्रमांक वाचतात. पंचांगाचं ॲप, क्रिकेटचा स्कोअर दाखवणारं ॲप, मुलांचा खेळ, हवामानाचं ॲप यांचा एकमेकांशी काही संबंध नाही असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात यातल्या बऱ्याच ॲप्सच्या पोटात त्याच दोन-चार जाहिरात कंपन्यांनी लिहिलेला प्रोग्रामचा तुकडा बसवलेला असतो. ॲप फुकट देणाऱ्याला त्यातून पैसे मिळतात. तो तुकडा प्रत्येक ॲपमधून त्याच क्रमांकाखाली नोंदी पाठवत राहतो, आणि काही महिन्यांत एका क्रमांकाभोवती एका माणसाचं चित्र उभं राहतं.

संगणकावरच्या ब्राउझरमध्ये हेच काम कुकी करते. नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या तरुण अभियंत्याने १९९४ साली ती तयार केली ती एका साध्या सोयीसाठी. आपण मघाशी काय निवडलं होतं हे वेबसाइटच्या लक्षात राहावं, एवढाच हेतू होता. पुढे त्याच सोयीवर जाहिरातींचं सगळं जाळं विणलं गेलं.

आता त्या रात्रीच्या जेवणाकडे वळू. तुम्ही काही शोधलं नव्हतं, पण तुमच्या मुलीने दुपारी कूलरच्या किमती पाहिल्या असतील. घरात वायफाय एक, म्हणून बाहेरच्या जगाला दिसणारा इंटरनेटचा पत्ताही एकच. एका पत्त्यावरून रोज रात्री चालणारे चार फोन एका घरातले, हे कळायला हेर लागत नाही. तुमचा फोन नागपुरात आहे, पारा चाळिशी ओलांडतो आहे, तुमच्या वस्तीतली माणसं गेला आठवडाभर कूलरच शोधत आहेत, आणि तुमच्यासारखीच खरेदी करणाऱ्यांनी गेल्या काही वर्षांत याच दिवसांत कूलर घेतले आहेत. एवढं हाताशी असल्यावर तुमचं बोलणं ऐकायची गरजच काय? जेवताना तुम्ही कूलरबद्दल बोललात ते ज्या कारणाने, त्याच कारणाने जाहिरातही आली. उकाडा दोघांनाही ठाऊक होता.

यात आपल्या स्मरणशक्तीचाही थोडा हात आहे. दिवसभरात कितीतरी जाहिराती डोळ्यांखालून जातात. कर्जाची, क्लासची, गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात आपण पाहून विसरतो. बोलण्याशी जुळलेली एकच ध्यानात राहते.

खरी किंमत त्या क्रमांकाची आहे, याचा पुरावा बाजारानेच दिला. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनमध्ये एक साधा प्रश्न आणला: या ॲपने इतर ॲप्समध्ये आणि वेबसाइटवर तुमचा माग ठेवला तर चालेल का? असंख्य लोकांनी नकार दिला. फेब्रुवारी २०२२ मध्ये फेसबुक चालवणाऱ्या मेटा कंपनीने या एका बदलामुळे त्या वर्षी सुमारे दहा अब्ज डॉलरचा फटका बसेल असं सांगितलं. मायक्रोफोनला कुणी हातही लावला नव्हता.

डोळ्याचं पातं लवायच्या आत लिलाव

कळमना बाजारात संत्र्यांचा लिलाव ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढची गोष्ट चटकन कळेल. आंबिया बहाराच्या दिवसांत काटोल, नरखेड, कळमेश्वरकडून गाड्या येतात, ढीग लागतात. अडत्या ढिगाजवळ उभा राहतो, व्यापारी भोवती जमतात, फळाचा आकार, रंग, साल पाहतात आणि बोली लावतात. सगळ्यात वरची बोली ज्याची, माल त्याचा.

तुम्ही बातम्यांचं एखादं पान उघडता तेव्हा त्यातली जाहिरातीची रिकामी जागा अशीच लिलावात निघते. पान उघडत असतानाच एक निरोप बाहेर पडतो: अमुक क्रमांकाचा फोन, नागपूर, फोन कोणत्या किमतीतला, भाषा मराठी, आवडीनिवडी अशा अशा. तो निरोप एका वेळी अनेक खरेदीदारांकडे पोचतो. हे खरेदीदार माणसं नसून प्रोग्राम असतात. बोली लावायला त्यांना साधारण सेकंदाचा दहावा भाग मिळतो. कूलरवाल्याची बोली वर गेली की पान पूर्ण दिसायच्या आत त्याची जाहिरात तिथे बसलेली असते.

कळमन्यात आणि इथे एक मोठा फरक आहे आणि माझ्या मते सगळ्या विषयात तोच सर्वांत महत्त्वाचा. कळमन्यात जो व्यापारी हरतो तो रिकाम्या हाताने जातो. इथे हरणाऱ्याच्या हातीही तुमचा तपशील लागलेला असतो, कारण बोली लावण्यासाठी तो आधीच त्याच्याकडे गेलेला असतो. तो त्याने पुसला की साठवला हे तुम्हाला कधीच कळत नाही. मोठ्या कंपन्यांच्या स्वतःच्या ॲप्समध्ये हा लिलाव कंपनीच्या आतल्या आत होतो. तिथे जाहिरातदाराला तुमचं नाव दिसत नाही, "नागपूर, वय तीस ते पन्नास, घरगुती वस्तूंमध्ये रस" असा गट तेवढा त्याला निवडता येतो. मग सगळं चित्र त्या एका कंपनीकडे राहतं.

"मोबाइल नंबर सांगा"

बर्डीतल्या एखाद्या मोठ्या दुकानात रुमाल घ्या की रेनकोट, बिल करताना काउंटरवरचा मुलगा मोबाइल नंबर विचारतोच. बहुतेक जण सवयीने सांगून टाकतात. नाव-पत्त्यापेक्षा हा नंबर मोलाचा आहे, कारण माणूस तो वर्षानुवर्षं बदलत नाही आणि बँकेपासून गॅसपर्यंत सगळीकडे तोच दिलेला असतो.

दुकानदार आपल्या ग्राहकांच्या नंबरांची यादी जाहिरात कंपनीला देऊ शकतो आणि "या लोकांना माझी जाहिरात दाखवा" किंवा "यांच्यासारख्या आणखी लोकांना दाखवा" असं सांगू शकतो. नंबर उघडे दिले जात नाहीत, त्यांचा हॅश करतात. हॅश म्हणजे ठरलेल्या गणिती कृतीने नंबरापासून बनवलेली अक्षरांची एक लांब माळ. एकाच नंबराची माळ दर वेळी तीच येते, पण माळेवरून उलटं जाऊन नंबर काढायची रीत नसते. दुकानदार त्याच्या माळा पाठवतो, जाहिरात कंपनी तिच्याकडच्या माळांशी त्या जुळवते, जुळल्या की माणूस सापडला.

हे ऐकायला सुरक्षित वाटतं, पण थोडा विचार केला की त्यातली फट दिसते. आपल्याकडे मोबाइल नंबर दहा आकडी असतात आणि सहा, सात, आठ किंवा नऊने सुरू होतात. म्हणजे होऊन होऊन चारशे कोटी नंबर. त्या सगळ्यांच्या माळा आधीच बनवून ठेवल्या तर कोणतीही माळ कुणाची ते यादीत पाहून सांगता येतं, आणि आजच्या चांगल्या संगणकाला चारशे कोटी हॅश हे काही मोठं काम नाही. दुकानात नंबर देणं बंधनकारक नसतं. तो दिल्याशिवाय बिल होणार नाही अशी अडवणूक करू नये, असं केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे २०२३ मध्ये दुकानदारांच्या संघटनांना कळवलं होतं. "नंबर नाही देत, कागदी बिल द्या," एवढं म्हटलं तरी काम होतं.

चार ठिकाणं पुरतात

माझं नावच कुठे नाही, मग भीती कसली, असा एक युक्तिवाद नेहमी होतो. त्याला २०१३ साली एका अभ्यासाने चोख उत्तर दिलं. इव्ह-अलेक्झांडर दे मोंजोय आणि सहकाऱ्यांनी पंधरा लाख लोकांच्या पंधरा महिन्यांच्या मोबाइल नोंदी तपासल्या. नावं काढून टाकलेली होती, नोंद होती ती फक्त कोणत्या तासाला फोन कोणत्या टॉवरपाशी होता याची. अशा कोणत्याही चार नोंदी घेतल्या की शंभरातल्या पंच्याण्णव माणसांना बाकी सगळ्यांतून वेगळं काढता येत होतं.

नागपुरातच पाहा. एक फोन रात्री मनीषनगरला असतो, सकाळी हिंगणा एमआयडीसीत, गुरुवारी संध्याकाळी महालातल्या एका गल्लीत, रविवारी सकाळी फुटाळ्यावर. शहरात लाखो फोन आहेत, पण या चारही ठिकाणी त्याच वेळी असणारा फोन जवळपास एकच निघेल. रात्रीच्या जागेवरून घर कळतं, सकाळच्या जागेवरून नोकरी. गुरुवारची गल्ली दवाखान्याची असेल तर आजारही कळतो. नाव मग कुठूनही मिळवता येतं.

लोकेशन बंद केलं तरी फोन आसपासच्या वायफायची नावं पाहून जागेचा अंदाज घेऊ शकतो. तरीही परवानगी काढून घेण्याने मोठा फरक पडतो. आमच्या शेजारच्या काकूंचा फोन त्यांच्यासोबत बसून पाहिला तेव्हा विजेरीच्या एका ॲपला संपर्क यादी आणि लोकेशन, दोन्हींची परवानगी दिलेली निघाली. "टॉर्चले माह्या भाच्याचा नंबर कायले पायजे?" काकूंनी विचारलं. दोन्ही परवानग्या काढल्या. टॉर्च पूर्वीसारखाच लागला. पुढे पंचांगाच्या ॲपचं लोकेशन काढलं, तिथी-नक्षत्र दिसायचं थांबलं नाही. हवामानाच्या ॲपला मात्र "वापरात असतानाच" लोकेशन ठेवलं, कारण आपलं शहर त्याला कळायला हवं. ओला-उबरलाही तसंच. रिक्षा दारात बोलवायची तर दार कुठे ते सांगावंच लागेल, पण रिक्षातून उतरल्यावर आपण कुठे जातो हे त्यांना कळायचं काही कारण नाही.

मला या विषयात सर्वांत आशादायक वाटतं ते हेच. सोय आणि माग एकत्र गुंडाळून दिलेले असतात, म्हणून ते एकच वाटतात. सोडवून पाहिलं तर बहुतेक वेळा माग काढून घेतला तरी सोय जागेवर राहते.

चौकट : फोनमध्ये कुठे पाहायचं

*(मेनूंची नावं फोनप्रमाणे थोडी बदलतात.)*

गोपनीयता डॅशबोर्ड : अँड्रॉइड १२ पासून पुढच्या फोनमध्ये मिळतो. गेल्या चोवीस तासांत कोणत्या ॲपने मायक्रोफोन, कॅमेरा, लोकेशन वापरलं ते वेळेसकट दिसतं. सुरुवात इथून करावी.

वरच्या कोपऱ्यातला ठिपका : अँड्रॉइडवर हिरवा ठिपका म्हणजे कॅमेरा किंवा मायक्रोफोन चालू. आयफोनवर मायक्रोफोनसाठी नारिंगी, कॅमेऱ्यासाठी हिरवा.

जाहिरात आयडी : सेटिंग्ज, गूगल, जाहिराती या वाटेने गेल्यावर तो हटवता येतो. जाहिराती थांबत नाहीत, पण ॲप्सना जोडणारा धागा तुटतो. आयफोनवर गोपनीयतेच्या भागात "ट्रॅकिंग"खाली ॲप्सना विचारण्याचीच परवानगी नाकारता येते.

लोकेशन : "नेहमी" असेल तिथे "वापरात असतानाच" करावं. नकाशा आणि गाडी बोलवण्याची ॲप्स सोडून बाकीच्यांना नेमकं लोकेशन न देता अंदाजे लोकेशन पुरतं.

संपर्क यादी : हिच्यात आपल्यासोबत आपल्या माणसांचेही नंबर जातात, म्हणून सर्वांत जास्त हात आखडता ठेवावा.

दिल्लीतला निकाल, नागपूरचे न्यायमूर्ती

या सगळ्याला कायद्याचा आधार मिळाला तो आधारच्या वादातून. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. दोन वर्षांनी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी या योजनेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. सरकारतर्फे सांगण्यात आलं की खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही. आधार होता १९५४ आणि १९६२ सालच्या मोठ्या पीठांच्या निकालांचा. ११ ऑगस्ट २०१५ रोजी तीन न्यायमूर्तींनी हा प्रश्न आणखी मोठ्या पीठाकडे सोपवला आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे.

त्या तिघांत आणि नंतर त्या नऊ जणांतही होते शरद बोबडे. जन्म नागपूरचा, कायद्याचं शिक्षण नागपूरचं, वकिलीही मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात. पुढे ते देशाचे सरन्यायाधीश झाले. त्यांनी आपलं स्वतंत्र निकालपत्र लिहिलं. खासगीपणाची कल्पना पाश्चात्त्यांकडून आली या समजुतीला त्यात मोठं उत्तर आहे. घरातल्या माणसांचा आडोसा राहावा म्हणून घर कसं बांधावं याचे गृह्यसूत्रांतले नियम ते दाखवतात, आणि मालकाच्या संमतीवाचून दुसऱ्याच्या घरात शिरायला अर्थशास्त्रात असलेली मनाईही. जुन्या महालातले वाडे आठवले तर हे पुस्तकी वाटत नाही. ओसरीवर कुणीही बसावं, माजघरात घरचं माणूस यावं, देवघरात सोवळ्यात असलेलं. कुणाला कुठवर येऊ द्यायचं हे घर ठरवत होतं.

या निकालानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायला तिथून पुढे अठरा महिन्यांची मुदत आहे. सुरक्षेत कसूर केली तर दंड अडीचशे कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. सरकारी यंत्रणांना या कायद्यात दिलेल्या सवलती मला फार सैल वाटतात आणि त्याबद्दल बोलत राहायला हवं. पण त्यातल्या दोन गोष्टी तुमच्या-माझ्या रोजच्या वापराच्या आहेत.

पहिली गोष्ट भाषेची. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय देणं कंपनीवर बंधनकारक आहे, आणि मराठी त्या अनुसूचीत आहे. इंग्रजीतल्या वीस पानी अटींखाली काकूंनी "मान्य" दाबलं, हे यापुढे पुरेसं ठरू नये यासाठीची ही तरतूद आहे.

दुसरी गोष्ट कायद्याने स्वतःच उदाहरण देऊन समजावली आहे. एक बाई फोनवरून डॉक्टरांचा सल्ला देणारं ॲप घेते. ॲप तिच्याकडे दोन गोष्टींची संमती मागतं: सल्ल्यासाठी लागणारी माहिती आणि फोनमधली संपर्क यादी. ती दोन्हींना "हो" म्हणते. कायदा म्हणतो की डॉक्टरच्या सल्ल्यासाठी संपर्क यादी लागत नाही, म्हणून तिची संमती फक्त सल्ल्यापुरतीच धरली जाईल. काकूंनी टॉर्चबद्दल विचारलेला प्रश्न कायद्याने आता कंपनीला विचारला आहे.